नाव कुठे लिहिलंय, ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा. बदलापूरच्या चोवीस वर्षांच्या एका मुलाने एक मराठी गाणं केलं. चाल त्याची, शब्द मित्राचे, आवाज कॉलेजातल्या मैत्रिणीचा आणि ढोलकी त्याच्या आळीतल्या एका वादकाची. यूट्यूबवर ते साडेतीन लाख वेळा ऐकलं गेलं. आता एका म्युझिक कंपनीने ४०,००० रुपये एकरकमी देऊ केलेत आणि नऊ पानांचा करार पाठवलाय. घरचे म्हणतात, सही करून मोकळा हो, एवढे तरी कोण देतं. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सही करू का? मोबाइल आणि इंटरनेट आल्यापासून सत्ता कलाकाराच्या हातात आली म्हणतात, ते खरं का? आणि वादक-गायकांच्या संघटनेत जाऊन काही हाती लागतं का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. आज सही करू नकोस. उद्या कदाचित करशीलही, पण हा कागद आहे तसा नको. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल, कारण त्यांची उत्तरं मुंबईच्या रेकॉर्डिंगच्या धंद्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षं लिहिली जात आहेत आणि अजून पूर्ण झालेली नाहीत.

मी १९८६ पासून व्हायोलिन वाजवतो. सिने म्युझिशियन्स असोसिएशनचं कार्ड मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले होते. ताडदेवचं फेमस, तिथलंच फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, सगळीकडे मागच्या रांगेत बसून वाजवलंय. पुढे अरेंजमेंट, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल याची मांडणी, करू लागलो. गेली बारा वर्षं रविवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी नवी मुलं आपापले करार घेऊन येतात आणि आम्ही ते ओळ-ओळ वाचतो. मी वकील नाही, शेवटची भाषा वकिलाकडूनच तपासून घ्यायची. पण कोणत्या ओळीवर थांबायचं, ते आता नेमकं कळतं.

त्या काळात आम्हाला बोलावणारा माणूस म्हणजे मेसेंजर. उद्या सकाळी नऊची शिफ्ट, अमुक ठिकाणी, एवढाच निरोप. गाणं कुणाचं, पिक्चर कुठला, ते स्टुडिओत गेल्यावर कळायचं. स्टँडवर नोटेशनचा कागद, दोन-तीन रिहर्सल, मग टेक. काम संपलं की हाच मेसेंजर हिशेबाची वही किंवा व्हाउचर पुढे करायचा. त्यावर चार रकाने: नाव, वाद्य, शिफ्ट, रक्कम. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली की पाकीट हातात. मी त्या कागदाकडे पहिली आठ-दहा वर्षं नीट पाहिलंच नाही. मग एके दिवशी लक्षात आलं की त्यावर गाण्याचं नाव नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर गाण्याचं नाव असायचं, तिथे माझं नसायचं. व्हाउचरवर माझं नाव असायचं, तिथे गाण्याचं नसायचं. हे दोन कागद आयुष्यात कधी एकमेकांना भेटले नाहीत. अमुक गाण्यातल्या इंटरल्यूडचं, म्हणजे कडव्यांमधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्याचं, व्हायोलिन माझं आहे, हे आज मला कुठल्याही कोर्टात सिद्ध करता येणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. आपल्या धंद्यात हक्काची प्रत्येक लढाई आधी नावाच्या नोंदीची होती आणि पैसे नंतर आले. जिथे नोंद झाली तिथे थोडीफार सत्ता सरकली. जिथे झाली नाही तिथे तंत्रज्ञान चार वेळा बदललं तरी वादक होता तिथेच राहिला.

लताबाईंचंच बघ. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ देशभर गाजलं, तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोक आकाशवाणीला पत्रं लिहून विचारू लागले की ही गायिका कोण, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं. पुढे फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला. नंतर ६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रॉयल्टीचा प्रश्न काढला. गाणं विकलं जातं तोवर गायकाला त्यातला वाटा मिळावा, ही मागणी. रफीसाहेबांचं मत उलट होतं. गाण्याचा मेहनताना घेतला की आपला हक्क संपला, असं ते मानायचे. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आज कुणी या भांडणाला रुसव्याफुगव्याची गोष्ट म्हणून सांगतं तेव्हा मला वाईट वाटतं. रफीसाहेब मनाने किती उदार होते ते सगळा धंदा सांगतो, आणि त्यांची भूमिका प्रामाणिक होती. पण गाण्याची किंमत त्या दिवशीच ठरते की गाणं चालेल तशी ठरत जाते, हा प्रश्न त्या भांडणात पहिल्यांदा उघड्यावर आला. दोन सर्वांत मोठे आवाज दोन बाजूंना उभे राहिले, आणि निर्मात्यांना काहीच करावं लागलं नाही.

त्या वादात वादक कुठेच नव्हते, हेही लक्षात घे. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. या माणसाने १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावलं होतं. सेबॅस्टियन डिसूझा या अरेंजरने शंकर-जयकिशनच्या आणि ओ. पी. नय्यरच्या कितीतरी गाण्यांना उभं अंग दिलं. आपल्याकडे प्रभाकर जोगांचं व्हायोलिन म्हणजे गाणारं व्हायोलिन, हे मराठी माणूस जाणतो, कारण भावगीतांच्या कार्यक्रमात निवेदक नाव घ्यायचा. सिनेमात ती रीतच नव्हती. ५०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आमच्या असोसिएशनने ग्रेड ठरवले, शिफ्टचे तास ठरवले, जादा वेळेचे पैसे मिळवून दिले. हे लहान काम नव्हतं. गोव्याचा ख्रिस्ती, लखनौचा मुसलमान, गिरगावचा ब्राह्मण आणि लालबागचा बँडवाला एकाच दरपत्रकाखाली बसायचे. पण दरपत्रक म्हणजे मजुरी. मालकीचा प्रश्न आम्ही कधी पुढे केलाच नाही.

गंमत वाटावी अशी नाही, पण मनाला लागावी अशी एक गोष्ट आहे. याच शहरात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात कामगारांच्या हक्काची गाणी गात होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना त्या डफाने माणसं जमायची. दुसऱ्यांच्या हक्कासाठी गाणारे कलाकार मुंबईने भरपूर पाहिले. स्वतःच्या गाण्यावरचा हक्क मागणारे फार थोडे.

आता कायद्याकडे येतो, कारण तुझ्या नऊ पानांचा संबंध थेट त्याच्याशी आहे. गीतकार-संगीतकारांची संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन संगीत करून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर पहिला मालक निर्माता. या एका निकालाने पुढची पस्तीस वर्षं संगीतकाराच्या हाती ‘एकदा घेतलेले पैसे’ सोडून फारसं काही उरलं नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी वेगळी पुरवणी जोडली होती. आपल्याकडे गाण्याचा प्राण गायकाच्या गळ्यात असतो आणि कायदा त्या गायकालाच ओळखत नाही, ही खंत त्यांनी नोंदवली. कायदेमंडळाने ती ऐकायला १९९४ उजाडलं, तेव्हा ‘परफॉर्मर’चा, म्हणजे कला सादर करणाऱ्याचा, हक्क कायद्यात आला.

खरा बदल २०१२ चा. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा कुणालाही देऊन टाकता येत नाही, सोडता येत नाही. फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सिनेमाघरात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढा अपवाद, आणि तुझं गाणं सिनेमातलं नाही, म्हणजे तो अपवादही तुला लागू नाही. तू उद्या रडत किंवा हसत ‘मला रॉयल्टी नको’ असं लिहून दिलंस तरी त्या ओळीला किंमत नाही. कायदा असा का केला असेल? कारण संसदेला माहीत होतं की चोवीस वर्षांचा मुलगा आणि कंपनी समोरासमोर बसतात तेव्हा मुलगा सही करतोच.

तुझ्या कराराच्या पान तीनवर ‘एकरकमी मोबदल्यानंतर कोणताही दावा राहणार नाही’ असं आहे. ती ओळ तुझ्या आणि तुझ्या कवी मित्राच्या रॉयल्टीपुरती चालत नाही. पण कायदा तुझ्या बाजूला आहे म्हणून पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. ते आयपीआरएसमार्फत येतात, आणि तिथे तुम्ही दोघं सभासद नसाल व गाण्याची नोंद नसेल, तर ते पैसे कुणाला द्यायचे हेच त्यांना माहीत नसतं. साधारण वाटणी अशी असते की कंपनीला ५० टक्के, संगीतकाराला २५, गीतकाराला २५. आयपीआरएसवर पूर्वी बरेच आरोप झाले, त्यातून ती बाहेर पडली, २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एफएम वाहिन्यांच्या प्रकरणात तिच्या बाजूने आदेश दिला. रेडिओवर गाणं वाजलं तर रेकॉर्डिंगच्या मालकासोबत शब्द आणि चालीच्या धन्यालाही पैसे द्यावे लागतील, असा त्याचा अर्थ. २०१२ ची दुरुस्ती खरोखर लागू आहे, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा पटलं.

आता करारातल्या माझ्या नजरेला खटकलेल्या जागा. पान एकवर लिहिलंय की हे गाणं ‘कंपनीच्या सूचनेवरून व कंपनीच्या खर्चाने’ तयार झालं. हे धडधडीत खोटं आहे. गाणं तुम्ही आधी केलंत, स्टुडिओचे पैसे तू भरलेस, साडेतीन लाख लोकांनी ते कंपनी येण्यापूर्वी ऐकलं. ही ओळ तिथे उगाच नाही. तिच्यामुळे पहिला मालक तू न राहता कंपनी ठरू शकते. ती काढायलाच लाव. स्टुडिओची पावती जपून ठेव, आणि गाणं अपलोड केल्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

दुसरी जागा म्हणजे ‘सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत’. कागदावर हे वाक्य भारी वाटतं. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय ते देऊन टाकता येत नाही. आणि मुदत? करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. तुझ्या करारात ‘कायमस्वरूपी’ असा शब्द आहे, म्हणजे त्यांना हे नियम पक्के ठाऊक आहेत. माझं मत असं की मालकी देऊच नकोस, रेकॉर्डिंग पाच वर्षांच्या परवान्यावर दे. चालीवरचा कॉपीराइट तुझ्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. तुझ्या नातवंडांपर्यंत पोचणारी वस्तू ४०,००० ला जाते आहे, हे घरच्यांना एकदा शांतपणे समजावून सांग.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची, आणि ती कुणी वाचत नाही. पान सातवर तू हमी देतोस की सर्व सहभागी कलाकारांची लेखी संमती तुझ्याकडे आहे. आहे का? ढोलकीवाल्याचा कागद आहे? तुझ्या मैत्रिणीचा? नसेल तर उद्या काहीही झालं की कंपनी तुझ्याकडे बोट दाखवेल आणि भरपाई तू करशील.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ढोलकीवाल्याबद्दल तू प्रश्नात एवढंच लिहिलंस की त्याला पंधराशे रुपये दिले. तुझं गाणं मी पाच-सहा वेळा ऐकलं. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी एकटी चार आवर्तनं बोलते आणि शेवटच्या थापेवर तुझ्या मैत्रिणीचा आवाज वर उचलला जातो. लोक जे रील करताहेत ते त्याच तुकड्यावर. तो तुकडा तू लिहून दिला होतास की त्याने तिथेच बसवला? मला वाटतं त्यानेच.

कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या मोठी आहे. गायक, वादक, नर्तक, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा त्यात येतो. पण २०१२ मध्ये तिला एक शेपूट जोडलं गेलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो एका मर्यादित बाबीपुरता सोडला तर परफॉर्मर धरला जाणार नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हाउचरचे चार रकाने डोळ्यांपुढे आले. आमची नावं न लिहिण्याची रीत धंद्यानेच पाडली आणि कायद्याने त्या रीतीचाच आधार घेतला. तुझं गाणं सिनेमातलं नाही, त्यामुळे तुझ्या ढोलकीवाल्याला हे शेपूट लागत नाही. तो पूर्ण परफॉर्मर आहे. त्याचं नाव यूट्यूबच्या वर्णनात नाही. ते आज संध्याकाळी घाल.

सत्ता खरंच सरकली का, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी एक दुपार सांगतो. १९९०च्या दशकात एका स्टुडिओने आम्हा बारा व्हायोलिनवाल्यांना बोलावलं. गाणं नव्हतं. एक-एक सुटा स्वर वाजवायचा. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. लांब ओढीचा, तोडलेला, बोटाने छेडलेला. सहा तास हेच. पैसे रोजच्या शिफ्टपेक्षा दीडपट मिळाले, आम्ही खूश. वर्षभराने एका मालिकेच्या शीर्षकगीतात मला आमचे स्वर ऐकू आले. तारेवर बो बदलताना माझा एक बारीक खरखरीत आवाज येतो, तो मला झोपेतही ओळखू येईल. कीबोर्डवर एक माणूस बसून आमची अख्खी रांग वाजवत होता. त्यानंतर चाळीस व्हायोलिनांची बोलावणी आधी बारावर आली, मग चारावर. आमच्या रांगेतले दोघं कल्याणला शिकवण्या घेऊ लागले, एकाने रिक्षा घेतली. त्या दुपारच्या कागदावर ‘हे स्वर कशासाठी वापरले जाणार’ हा रकाना नव्हता. आम्ही तेव्हा असोसिएशनमध्ये शिफ्टच्या दरासाठी भांडत होतो. त्या कागदासाठी भांडायला हवं होतं.

त्या आधी कॅसेट आली तेव्हाही असंच वाटलं होतं की आता एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, कलाकाराचे दिवस आले. मक्तेदारी मोडली खरी. जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या निघाल्या, नवे गायक पुढे आले, सोनू निगम त्यातलेच. पण सत्ता एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली. नंतर सोनू निगम आणि इतर गायक, पाठीशी लताबाई, अशांनी मिळून गायकांच्या हक्कांची संस्था उभी केली आणि २०१३ मध्ये ती कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली, तेव्हा कुठे काही हललं. पुढे त्या संस्थेच्या नावात ‘म्युझिशियन्स’ हा शब्दही आला. एक शब्द, पण आम्ही तो वाचून एकमेकांना फोन केले होते.

स्ट्रीमिंगचं चित्र वेगळं नाही. आज तू घरबसल्या गाणं जगभर पोचवू शकतोस, ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. माझ्या तरुणपणी तुझं गाणं बदलापूरच्या बाहेर गेलंच नसतं. पण दार उघडलं म्हणून घर आपलं होत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळणार नाहीत. भारुडं, ओव्या, कोळीगीतं रेकॉर्ड करणाऱ्या कितीतरी मराठी कलाकारांची गाणी त्या रेषेखाली आहेत. ही रेष आखताना त्यांना कुणी विचारलं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये स्थापन झालेली वादक-कलाकारांची एक युनियन दर ऐकण्यामागे किमान एक सेंट मागते आहे. २०२५ मध्ये मॅसिव्ह अटॅकसारख्या ब्रिटिश बँडने स्पॉटिफायच्या प्रमुखाच्या युद्धतंत्रज्ञानातल्या गुंतवणुकीचा निषेध म्हणून आपली गाणी काढून घेण्याचं पाऊल उचललं. मोठ्या बँडला ते परवडतं. तुला आज परवडणार नाही, आणि मी तुला तसं सांगणारही नाही.

पण अमेरिकेचीच एक जुनी गोष्ट माझ्या मनात कायम असते. १ ऑगस्ट १९४२ ला तिथल्या वादकांच्या युनियनने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, रेकॉर्डिंग बंद केलं. रेकॉर्ड आणि ज्यूकबॉक्समुळे हॉटेलांतलं, रेडिओवरचं काम जात होतं. मागणी अशी की विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे एका निधीत पैसे जमा करा, त्यातून बेकार वादकांना काम द्या. एक मोठी कंपनी वर्षभराने नमली, उरलेल्या दोन १९४४ च्या नोव्हेंबरात. वादक जिंकले. पण गायक त्या युनियनमध्ये नव्हते. संपाच्या काळात कंपन्यांनी गायकांना नुसत्या कोरससोबत रेकॉर्ड केलं, आणि संप संपेपर्यंत लोकांच्या ओठांवर बँडऐवजी गायकाचं नाव बसलं होतं. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यामुळेच जिंकणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याकडे उलट झालं. गायक, गीतकार, संगीतकार यांनी आपापली दारं उघडून घेतली आणि वादक बाहेर राहिला.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, संघटनेत जा. पण वर्गणी भरून कार्ड खिशात ठेवायला जाऊ नकोस. तू आणि तुझा कवी मित्र आयपीआरएसचे सभासद व्हा. तुझी मैत्रीण आणि ढोलकीवाला यांनी गायक-वादकांच्या संस्थेत चौकशी करावी. लॉकडाऊनमध्ये गणपती, नवरात्र, लग्नसराई सगळं बंद होतं, बँजो पार्टीवाले नि ऑर्केस्ट्रावाले भाजी विकत होते. तेव्हा आम्ही मदत वाटायला बसलो तर यादी करणंच अवघड झालं. कोण किती वर्षं वाजवतो, कुठे वाजवतो, काहीच कागदावर नाही. ज्यांचं कार्ड होतं त्यांना धान्य लवकर पोचलं. बाकीच्यांना शोधत फिरावं लागलं.

आता आवाजाची नक्कल करणाऱ्या एआयची भर पडली आहे. अरिजित सिंग यांना जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध संरक्षण दिलं. फार मोलाचे आदेश आहेत. पण ते आवाज सारा देश ओळखतो. तुझ्या मैत्रिणीचा आवाज अजून कुणी ओळखत नाही, आणि ढोलकीच्या थापेला तर चेहराच नसतो. म्हणून करारात स्वच्छ एक वाक्य घालायला सांग: या रेकॉर्डिंगमधला आवाज किंवा वादन कोणत्याही एआय प्रणालीला शिकवण्यासाठी, किंवा सुटे सँपल म्हणून, प्रत्येक कलाकाराच्या वेगळ्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाही. आम्हा बारा जणांकडे हे वाक्य नव्हतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे तिघं आले होते, त्यांचंही असंच. चाल एकाची, शब्द दुसरीचे, बीट तिसऱ्याचा. मी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, वाटणी लिहा. तिघं मित्र, एका ताटात जेवणारे, पण पेन कुणी उचलेना. चहा थंड झाला. शेवटी मुलगी म्हणाली, शब्द पूर्ण माझे आहेत पण ध्रुवपदाची ओळ ह्याने बदलली, ती धरायची का? मग बोलणं सुरू झालं आणि दीड तास चाललं. आवाज चढले, एकदा एक जण उठून गॅलरीत जाऊन आला. पण शेवटी कागदावर तीन आकडे, तीन सह्या आणि तारीख आली. खाली रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक लिहिला. बारा अक्षर-आकड्यांचा तो क्रमांक म्हणजे त्या रेकॉर्डिंगची कायमची ओळख, गाणं कुठेही वाजलं तरी त्यावरून हिशेब लागतो. माझ्या आयुष्यात जे दोन कागद भेटले नाहीत, ते या एका पानावर भेटले होते. गाणंही तिथे, नावंही तिथे.

कंपनीला उद्या उत्तर पाठव, भाषा नम्र ठेव. प्रस्ताव आवडला, चार बदल हवेत, असं लिही: खोटी ओळ काढा, मालकीऐवजी पाच वर्षांचा परवाना, एआय आणि सँपलचं वाक्य, आणि चारही कलाकारांची नावं जिथे गाणं असेल तिथे. कदाचित ते नाही म्हणतील. दोन आठवडे थांब. साडेतीन लाख लोकांनी ऐकलेलं गाणं सोडून जाणारी कंपनी परत फोन करते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. नाहीच केला तर गाणं तुमचंच आहे, चाललंय तसं चालू दे.

येत्या रविवारी अकरापर्यंत या. चौघंही या, ढोलकीवाल्याला विसरू नकोस. त्याचा बँक पासबुकाचा फोटो आणि आधारवर आहे तसं पूर्ण नाव लिहून आण. नुसतं आळीत हाक मारतात ते नाव चालणार नाही.